कोरडा कोपरा

शेवटचा पेला तिने कोपऱ्यात ठेवला आणि पंप सुरू केला. छताजवळच्या लोखंडी चौकटीला टांगलेल्या तोट्यांतून पाऊस कोसळू लागला. खाली सहा ओळी, ओळीत सहा पेले. दहा मिनिटांनी पंप बंद करून तिने एकेका पेल्यातलं पाणी मोजलं. पस्तिसांत जवळपास सारखं. कोपऱ्यातल्या पेल्याचं बूडसुद्धा धड भिजलं नव्हतं.

"बघितलंत?" दारातून साहेब म्हणाले. "पाऊसच सगळीकडे सारखा नाही, तर कुठली माती किती वाहून गेली याच्या जुन्या नोंदी खऱ्या कशा मानायच्या? वगळून टाकू."

जुन्या नोंदी म्हणजे तिच्या बाबांची तीस वर्षं. तिच्याआधी या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ तेच होते. उतरत्या ट्रेमध्ये माती भरायची, तिच्यावर पाऊस पाडायचा, वाहून आलेलं गढूळ पाणी बाटलीत धरायचं, गाळ वाळवून तोलायचा. अख्खी इमारत त्यांना ढगोबा म्हणायची.

"ढगोबा, आज किती पाडणार?"

"तुम्ही छत्री विसरलात की भरपूर!"

शाळा सुटली की ती थेट इथे यायची. पावसाच्या आत बसायचा हट्ट धरायची आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून गृहपाठ उरकायची. फार तर चपला भिजायच्या. पाऊस मला सोडून पडतो, असं ती वर्गात ऐटीत सांगायची. आता मात्र तिला राग आला. मातीचा कणही वाया जाऊ न देणारा माणूस इतका गाफील राहील?

"मला थोडा वेळ द्या," ती म्हणाली आणि शिडी लावून वर चढली.

कोपऱ्यातल्या तोटीच्या तोंडात काहीतरी ठासून बसवलेलं होतं. लाल पेन्सिलीचं थोटूक. बाहेर राहिलेल्या टोकावर लहान दातांच्या खुणा होत्या. पेन्सिल चावण्यावरून तिने आईची किती बोलणी खाल्ली होती!

शिडीवरूनच तिने घरी फोन लावला.

"बाबा, कोपऱ्यातली तोटी तुम्ही बुजवलीत?"

"हो. का गं?"

"त्यापायी तुमच्या सगळ्या नोंदी बाद व्हायची वेळ आलीय."

"बाद कशाला होतील? त्या कोपऱ्यात मी कधी ट्रे ठेवलाच नाही. पहिल्या वहीचं पहिलं पान उघड." मग त्यांनी विचारलं, "अजून कोरडा आहे का तो?"

"आहे."

"मग झालं तर."

वही कपाटाच्या तळाशी सापडली. पहिल्या पानावर पट्टीने आखलेली छत्तीस घरं होती. पस्तीस घरांत आकडे. छत्तिसाव्यात बाबांच्या उभ्या अक्षरात लिहिलं होतं: 'इथे ट्रे ठेवू नये. मुलगी बसते.'

साहेबांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"नोंदी राहू द्या," ते म्हणाले. "तोटी तेवढी मोकळी करून घ्या."

"उद्या करते."

तिने पेले उचलून बाजूला ठेवले. भिंतीजवळचं स्टूल ओढत कोपऱ्यात नेलं, त्यावर बसली आणि वही मांडीवर घेतली.

"साहेब," ती म्हणाली, "जाता जाता पंप सुरू कराल?"