खरवड

“गोळ्यांची कढी,” प्रेमलाबाई म्हणाल्या. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी वेणीमाधवरावांचं वर्षश्राद्ध होतं. विश्वेश्वरशास्त्र्यांनी बजावून ठेवलं होतं की श्राद्धाचा ठरलेला स्वयंपाक तर करायचाच, पण गेलेल्या माणसाच्या सगळ्यांत आवडीचा असा एक पदार्थ त्याच्या पानावर वेगळा वाढायचा, म्हणजे तो तृप्त होऊन पुढे जातो. लखनौहून आलेली मृणालिनी आईला तेच विचारत होती.

“पक्कं ना? मग मी स्वयंपाकाच्या सुनीतीबाईंना आत्ताच सांगते. डाळ भिगवून ठेवतील.”

“पक्कं म्हणजे काय? मी नागपूरची. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात केली होती. पुन्हा पुन्हा मागून घेतली आणि म्हणाले, दुनियेत खाण्यासारखी ही एकच चीज आहे.”

कोपऱ्यात शरदिनीबाई अळूची पानं पुसत होत्या. वेणीमाधवरावांची ही थोरली बहीण. त्यांनी हातातलं पान तसंच धरून ठेवलं.

“वहिनी, वेणूला हरभऱ्याची डाळ कुठे सोसायची? लहानपणापासून नाही. आमची आई त्याच्यापुरतं पुरणसुद्धा मुगाचं करायची.”

“वन्सं, जन्मभर खाल्ली त्यांनी माझ्या हातची कढी.”

“खाल्ली असेल. आणि मग ओवा मागितला असेल.”

प्रेमलाबाईंना एकदम आठवलं. ओवा ते मागत. कढीच्या दिवशी हमखास मागत, आणि त्या कौतुकानं देत. आवडीचं होतं, दोन घास जास्त गेले असतील, एवढंच त्यांना वाटे.

वेणीमाधव पळसुले हे गृहस्थ बनारसच्या कँट स्टेशनच्या तिकीट खिडकीत बसत, ते केवळ सरकार पगार देई म्हणून. त्यांचा खरा उद्योग माणसं जमवणं हा होता. खिडकीपलीकडून मराठी शब्द कानावर पडला की हातातलं तिकीट हातातच राही. “कुठले तुम्ही? साताऱ्याचे? मग जेवायला कुठे चाललात?” मागची रांग शिव्या देई, हे पत्ता समजावून सांगत बसत. आणि दुपारपर्यंत संकठा घाटाच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत साताऱ्याचं अख्खं कुटुंब गंगेवरून ओल्या केसांनी येऊन दाखल होई. आगाऊ कळवणं हा प्रकार वेणीमाधवरावांना मान्यच नव्हता. गणेशोत्सवात तोंडाला रंग लावून उभं राहावं, होळीला अख्ख्या गल्लीची ठंडाई घोटावी, बंगाल्यांच्या पूजेत धोतर खोचून नाचावं, कुणाच्याही मुलीच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी गुलाबपाणी घेऊन उभं राहावं, असा सगळा खाक्या. आणि जिथे जेवत तिथे मनापासून तारीफ करत.

ती कशी करत, हे प्रेमलाबाईंना त्या संध्याकाळी कळलं.

आधी लल्लन यादव आला. चौकातल्या दुधाच्या दुकानाचा हा मालक वेणीमाधवरावांचा जुना दोस्त. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, “भौजी, कल मलइयो हम लेके आइब. वेणीबाबू हमेसा कहत रहलन, लल्लन, दुनिया में खाए लायक एक्के चीज हौ, तोहार मलइयो.”

दुधाच्या फेसाची ती मिठाई म्हणजे त्याच्या दुकानाची खासियत. प्रेमलाबाईंनी मान हलवली. तो गल्लीच्या वळणावर पोचला असेल नसेल, समोरच्या खिडकीतून घोषालबाईंनी हाक दिली. “दीदी, कल थोड़ा शुक्तो भेजूँगी. दादा को कितना पसंद था. बोलते थे, बौदी, दुनिया में खाने का चीज़ एक ही है, आपका शुक्तो.”

शुक्तो म्हणजे कारल्याची ती कडू भाजी. मृणालिनी हसायला लागली. “नाना पण ना, कमालच होते. सगळ्यांना सेम डायलॉग.”

प्रेमलाबाईंना हसू आलं नाही. कढी आवडत नव्हती, याचं त्यांना तेवढं काही वाटलं नाही. पण ते वाक्य त्यांनी जन्मभर आपलं म्हणून जपलं होतं. सासूबाई खोचक बोलल्या तेव्हा, माहेर तुटलं तेव्हा, मुलं दूर गेली तेव्हा त्यांनी ते मनातल्या मनात काढून बघितलं होतं. आणि ते तर वेणीमाधवरावांनी गावभर वाटलेलं निघालं. म्हणजे लल्लन काय, घोषालबाई काय आणि आपण काय, सगळे एकाच पंक्तीतले. जेवू घालणारे यजमान, आणि हे सगळीकडचे पाहुणे.

“वेगळं काही नको वाढायला,” त्या म्हणाल्या. “नेहमीचा स्वयंपाक पुरे.”

“अगं पण शास्त्रीबुवा...”

“नको म्हटलं ना. त्यांना काय आवडायचं ते मला माहीत नाही.”

मृणालिनीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी एक नवलच घडलं. मुलानं, नीलकंठानं, भोपाळहून येतानाच ठरवलं होतं की आईनं आज चुलीकडे फिरकायचं नाही. स्वयंपाकाला सुनीतीबाई आणि त्यांची जाऊ होत्या. विधी आटोपला, ब्राह्मण जेवून उठले, वेणीमाधवरावांचं पान गायीला घालून झालं. मग मंडळींची पंगत बसली आणि पंगतीनंतर सगळे बाहेरच्या खोलीत टेकले. प्रेमलाबाईंनाही त्यांच्यात खुर्ची दिली. या खोलीत माणसं भरलेली असताना आपण बसून आहोत, असं त्यांच्या संसारात कधी झालंच नव्हतं. हसण्याचे लोट यायचे ते त्यांना आत, फोडणीच्या आवाजातून ऐकू यायचे. कशाला हसले ते विचारायला सवड नसायची, आणि मग राहूनच जायचं.

आज त्यांना सगळं पहिल्यापासून ऐकायला मिळालं. रामनगरहून रामलीला बघून येताना नाव वाळूत रुतली, तेव्हा वेणीबाबूंनी नावेतल्या अनोळखी पंजाबी मंडळींना गणपतीची आरती पाठ करायला लावली होती. लल्लननं ती पंजाबी आरती म्हणून दाखवली. शास्त्रीबुवासुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले.

मग स्टेशनातले जुने सहकारी विष्णु तिवारी सांगू लागले. “एक साल ऐसा कोहरा पड़ा कि बारात की गाड़ी घंटों लेट हो गई. घर पहुँचते-पहुँचते मुहूर्त निकल जाए. मराठी लोग थे, लड़की बनारस की. पळसुलेजी ने गाड़ी लगने से पहले ही लड़की को प्लेटफ़ॉर्म पर बुलवा लिया, ताँगे से. पंडित आ गए, सब आ गए. अब बोले, बीच में पर्दा चाहिए, आप लोग क्या कहते हैं...”

“अंतरपाट,” नीलकंठ म्हणाला.

“हाँ, वही. तो अपना शाल उतारकर पकड़ लिया. नीला था, किनारे पर फूल. बाद में दुलहन को ओढ़ा दिया. बोले, ठंड बहुत है, बेटी.”

सगळे वाहवा करत होते. प्रेमलाबाई मात्र त्या निळ्या शालीपाशी थांबल्या. ती त्यांच्या माहेरची होती. दिवाळसणात त्यांच्या वडिलांनी जावयाला दिलेली. “कुठे गेली?” म्हणून त्यांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. “हरवली,” एवढंच म्हणून हे अंघोळीला निघून गेले होते. लग्नाची एवढी मोठी गोष्ट, सगळ्या स्टेशनाला ठाऊक, आणि बायकोला त्यातलं अक्षर नाही. शाल दिल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनीही त्या पोरीसाठी आनंदानं दिलीच असती. पण सांगितलं नाही.

“काकू, आता तुम्ही सांगा एखादं,” तिवारींबरोबर आलेला एक मराठी गृहस्थ म्हणाला. “तुमच्याजवळ तर खजिनाच असणार.”

सगळे तोंडावर हसू ठेवूनच त्यांच्याकडे वळले. प्रेमलाबाईंनी आठवून पाहिलं. या माणसाबरोबर सगळा जन्म काढला, तर त्यातलं एक तरी सांगण्यासारखं निघायला हवं होतं.

“घरी ते बोलत नसत,” शेवटी त्या म्हणाल्या.

हशा पिकला. लल्लन मांडीवर थाप मारत म्हणाला, “देखा, भौजी भी कम नाहीं हईं.” मृणालिनी डोळे पुसत हसली. त्यांनी विनोद केला असंच सगळ्यांना वाटलं, आणि लगेच कुणी तरी पुढची गोष्ट सुरू केली.

पण ते खरंच बोलत नसत. शेवटच्या पाहुण्याला गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवून ते परत येत, कडी लावत, आणि तिथेच त्यांचा सगळा आवाज संपे. चेहरा सैल पडे. चष्मा काढून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत. पाहुण्यांनी सगळं फस्त केलेलं असे. पोळ्यांच्या डब्यात फडकं तेवढं उरलेलं. राहिलेली असे ती भाताच्या पातेल्याच्या तळाशी लागलेली खरवड. प्रेमलाबाई ती उलथन्यानं खरवडून काढत, वर मीठ आणि कच्चं तेल घालत, आणि दोघं एकाच ताटात बसत. मधे शब्द नाही. पहिलं संपलं की ते पातेल्याकडे बघत विचारत, “आहे का अजून?” बस्स, तेवढंच.

प्रेमलाबाईंना त्याचा फार राग होता. मृणालिनी पोटात असताना तो एकदा बाहेर पडला. “साऱ्या बनारसशी बोलता, मग माझ्याशी बोलायला तोंड दुखतं का?” त्यांनी गोंधळून वर पाहिलं होतं. मग हळूच म्हणाले, “तुझ्याशीही तसंच बोलायला लागलो, तर मग मी बसू कुठे?” प्रेमलाबाईंना तो अपमान वाटला होता. कित्येक दिवस त्यांनी अबोला धरला होता, आणि घरात त्यानं काही फरक पडला नाही म्हणून आणखीच चिडल्या होत्या.

आणि आता, भरल्या खोलीत, त्यांच्या मनात आलं की खरवडीला ते एकदाही ‘वा’ म्हणाले नाहीत. दुनियेत खाण्यासारखी एकच चीज, हे वाक्य त्यांनी मलइयोला म्हटलं, शुक्तोला म्हटलं, पोटात गोळा आणणाऱ्या कढीलाही म्हटलं. खरवडीला म्हटलं नाही. ती त्यांनी नुसती खाल्ली. कुणाला खूश करायचं नव्हतं म्हणून गप्प बसून खाल्ली, आणि अजून मागितली.

त्या उठून आत गेल्या. पान तर केव्हाच गायीनं खाल्लं होतं. आणि वेळेवर सुचलं असतं तरी पितरांच्या पानावर जळका भात वाढू द्यायला शास्त्रीबुवा थोडेच तयार झाले असते. तरी त्या गेल्या.

भाताचं मोठं पातेलं मोरीत होतं, काठोकाठ पाणी भरलेलं.

“लागला हो थोडा तळाशी,” सुनीतीबाई ओशाळून म्हणाल्या. “एवढ्या माणसांचा भात, अंदाज चुकला. भिजत घातलंय. संध्याकाळपर्यंत सुटेल.”

“असू द्या,” प्रेमलाबाई म्हणाल्या.

पाण्यात फुगलेली शितं तरंगत होती. बाहेर पुन्हा हशा झाला. त्यांना फार वाटलं की कुणाला तरी हे सांगावं. पण काय सांगणार? की त्यांना जळका भात आवडायचा? लल्लननं त्याचीही गोष्ट केली असती, आणि पुढच्या वर्षी कुणी तरी डबा भरून खरवड घेऊन आलं असतं. त्यांनी मोरीशी वाकून हात धुतले आणि बाहेर जाऊन पुन्हा खुर्चीत बसल्या.

दोन दिवसांनी मुलं गेली. नीलकंठ म्हणाला, “आई, चल ना भोपाळला, इथे अकेली काय करशील?” त्या म्हणाल्या, बघू. शरदिनीबाई आपल्या घरी गेल्या. लल्लनही आता कशाला येईल, त्याचा दोस्त तर गेला. जिन्यावर पाय वाजले की त्या अजून मनात माणसं मोजत आणि तांदळाच्या डब्याकडे बघत, पण ते पाय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचे असत.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी त्यांनी कुकर बाजूला ठेवला. जाड बुडाचं पातेलं घेतलं, दोन मुठी तांदूळ धुऊन वैरले आणि पाटावर बसल्या. पाणी आटलं. भात रटरटायचा थांबला, मग तळातून बारीक तडतड ऐकू यायला लागली. वास आधी गोड होता, मग खमंग झाला, मग गल्लीत गेला.

“दीदी,” समोरच्या खिडकीतून घोषालबाई ओरडल्या, “आपका भात लग रहा है.”

“हाँ,” प्रेमलाबाई जागेवरूनच म्हणाल्या. “लगने दीजिए.”

आणि मीठ काढायला उठल्या.