तिसऱ्या बाईचं पाणी

मी बोलतेय ती जमिनीखालून, म्हणून आवाज जरा घुमेल. परसात कर्दळीचा वाफा दिसतोय ना, त्याच्या शेजारी सिमेंटचं झाकण आहे. त्याखाली मी, या घराची सांडपाण्याची टाकी.

नळाचं पाणी कमी होत होत आठवड्यातून एकदावर आलं, तेव्हा ताईनं मला बांधून घेतलं. ताई कापड रंगवायच्या कारखान्यात पाणी तपासायची. निवृत्त झाली, पण तिचं नाक अजून कामावर जातं. धाकटी बहीण शिवणकाम करते. साठी आली तरी गल्लीला ती बेबीच. घरात या दोघीच.

न्हाणीघराचं पाणी आधी जाळीत गाळलं जातं, मग खडी, वाळू आणि कोळशातून झिरपत, कर्दळीच्या मुळांमधून वाट काढत माझ्यात उतरतं. हातपंपानं उपसलं की फरशीला, संडासाला, झाडांना चालतं.

"शी! अंगावरचं पाणी पुन्हा घरात घ्यायचं?" बेबी सुरुवातीला नाक मुरडायची.

"आपलंच आहे गं. परकं कोण आहे इथे?" ताई म्हणायची.

मला काही दिसत नाही, पण नळीतून सगळं ऐकू येतं, आणि उरलेलं दोघींच्या बोलण्यातून कळतं. कोण कशी आंघोळ करते तेही कळतं. ताईचे तांबे धबाधब पडतात, जणू उशीर झालाय. बेबी अर्ध्यावर थांबून कसला तरी विचार करत बसते.

त्या वर्षी उन्हाळा लांबला आणि टँकरही बंद झाले. तेव्हाच दुपारी माझ्याकडे तिसरं पाणी येऊ लागलं. बाहेरच्या खोलीत बेबीचं मशीन खडखडत असायचं, ताई काजं करत असायची, आणि इकडे न्हाणीघरातून गार पाणी उतरायचं. त्याला साबणाचा वास नसायचा. कुणीतरी अगदी सावकाश, खांद्यावरून ओघळू देत अंगावर घेतंय, असं.

न्हाणीघराची फरशी दुपारी ओली दिसू लागली, तेव्हा आधी दोघींनी एकमेकींवर संशय घेतला.

"दुपारची आंघोळ करतेस? लोकांना प्यायला नाही आणि तुला चोचले सुचतात!"

"मी? तुझ्या शेजारी तर बसलेय दिवसभर!"

ताईनं गच्चीवरची टाकी पाहिली. पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. मग ती जाळी साफ करायला बसली आणि तिचा हात थांबला. जाळीत केस होता. लांब, काळाभोर. दोघींचे केस तर कानापर्यंत आखूड आणि पांढरे.

"या जागेवर आधी कुणी राहायचं का हो?" तिनं शेजारच्या आजोबांना विचारलं.

"कुणी नाही. नुसता खडक होता. तुम्हीच पहिल्या."

माझी पातळी मात्र चढत होती. ताईनं परसाचं फाटक उघडं टाकलं. गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन येऊ लागल्या. कोरड्या संडासांनी घराघरात माणसं आजारी पडत होती, ती उठून बसू लागली. "दोघींच्या सांडपाण्यात एवढी बरकत?" त्या हसून विचारायच्या. ताई विषय बदलायची. बेबीला हसू यायचं नाही.

एके दिवशी बेबीनं बहिणीला न सांगता न्हाणीघराच्या भोकात चिंध्यांचा बोळा घट्ट कोंबला आणि दाराला बाहेरून कडी घातली. दुपारी मी वाट पाहिली. काहीच आलं नाही, आणि साठलेलं सकाळीच उपसून झालं होतं. संध्याकाळी बायका रिकाम्या बादल्या वाजवत परतल्या. एकीचं तान्हं बाळ तापानं फणफणलं होतं. पंपाचा दांडा ती पुन्हा पुन्हा मारत राहिली.

तेवढ्यात बेबीच्या पायाला गार लागलं. दाराच्या फटीतून पाणी येत होतं. तिनं दार उघडलं. आत घोटाभर पाणी साचलं होतं, आरशासारखं निश्चल. भिंती कोरड्या, नळ बंद.

बेबी किंचाळेल, असं मला वाटलं. पण ती पाण्यात उतरली आणि तिनं स्वतःच्या हातानं बोळा उपसला. पाणी घोंघावत माझ्याकडे धावलं. वरून तिचा आवाज आला, शिवायला आलेल्या बाईशी बोलावं तसा.

"कोंडलं गं तुला. चुकले. पुसायला काही नाही ना तुझ्याकडे?"

तिनं खुंटीला धुतलेला टॉवेल अडकवला. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो ओला होता. ताईनं तो हातात घेतला, हुंगला आणि वाळत घातला. तेव्हापासून खुंटीला रोज धुतलेला टॉवेल असतो. बाळही बरं झालं. ती कोण, हे मला आजही ठाऊक नाही.

परवा पालिकेचे साहेब आले होते. गावाबाहेर पाणी शुद्ध करायचं मोठं केंद्र झालंय. घरोघरचं सांडपाणी आता तिकडे जाणार आणि आमच्यासारख्या टाक्या दगडमातीनं बुजवणार. ताईला ते पटलं. सगळ्या गावाला पाणी मिळणार, मग आपली एक टाकी धरून का बसायचं?

बेबीनं एवढंच विचारलं, "साहेब, मग तिनं कुठे जायचं?"

"कुणी?" साहेब म्हणाले.

आतून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला. साहेबांनी आधी ताईकडे पाहिलं, मग बेबीकडे. दोघी समोरच उभ्या होत्या. सही न घेताच ते निघाले.

पण माणसं येतील, आज ना उद्या. या, बाबांनो. माझी तक्रार नाही. गल्लीच्या उपयोगी पडले, टाकीला आणखी काय हवं? फक्त दुपारी आलात, तर पहिलं घमेलं ओतण्याआधी न्हाणीघराचं दार वाजवा. आतून उत्तर आलं, तर थोडं थांबा. तिला सावकाश आंघोळ करायची सवय आहे.