ओफेलियाचा हुंकार

वॉशिंग्टन लारान्यागाला भांडायची हौस नव्हती. ओफेलिया बेंतांकुरशी भांडायची मात्र होती. वीस वर्षं दोघं इंटरनेटच्या नियमांवरून मेलवर एकमेकांचे वाभाडे काढत आले होते, आणि रोज संध्याकाळी मोंतेविदेओच्या समुद्रकाठी एकाच तुंब्यातला येर्बाचा कडू चहा एकाच नळीने ओढत आले होते. वॉशिंग्टनच्या बायकोने दोघांचा नाद कधीच सोडला होता.

यंदा जगभरच्या नियमवाल्यांची बैठक त्यांच्याच गावात भरली. वॉशिंग्टनच्या पाच वर्षांच्या मसुद्याचा निकाल लागायचा होता. उद्या क्वांटम संगणक आले की इंटरनेटवरच्या गुपितांची आजची कुलपं पटापट उघडतील, म्हणून ठरल्या तारखेपासून फक्त नवी, दणकट कुलपं, जुनी बंद. मसुदा मंजूर झाला की तो निवृत्त होणार होता. आड येत होती एकटी ओफेलिया.

आणि नेमका त्याच दिवशी तिचा घसा बसला. तीन दिवस दिसेल त्याला गाठून वाद घातल्यावर दुसरं काय होणार! थर्मास काखेत मारून ती सभागृहात आली आणि आपल्या आक्षेपांचा कागद तिने त्याच्यापुढे धरला.

"मी वाचू? अगं बाई, मसुदा माझा आहे!"

"माझं अक्षर... दुसऱ्या कुणाला लागतं का, म्हाताऱ्या?" ती कशीबशी म्हणाली.

ते खरं होतं. तो माइकपुढे गेला. पहिले दोन मुद्दे त्याने झरझर वाचले, कारण उत्तरं तयार होती. तिसऱ्यावर नजर गेली आणि तो थांबला. हा गाळला असता तर कुणाला कळलं असतं? ओफेलिया तर त्याच्याकडे बघतही नव्हती, खुशाल तुंब्यात पाणी ओतत बसली होती. या बाईचा आपल्यावर एवढा विश्वास? त्याला तिचा रागच आला.

त्याने वाचलं. "नव्या कुलपाची किल्ली मोठी. साल्तोकडच्या माळावर शाळांना रेडिओने इंटरनेट मिळतं. तिथे ती एका खेपेत जात नाही. तुकडे होतात, वाऱ्यात एखादा हरवतो, की सगळं पहिल्यापासून. परवा अकरा वेळा झालं. मग बाईंनी पोरांना फळ्यापुढे बसवलं. जुनं बंद करा, पण हरवलेला तेवढाच तुकडा परत मागायची सोय आधी द्या."

या मंडळींत हात मोजत नाहीत. तोंड मिटून हुंकार द्यायचा, अध्यक्षाने कानाने अंदाज घ्यायचा. आक्षेप एकाचाच असला तरी त्याला उत्तर हवं, नाहीतर मसुदा अडतो.

"आहे तसा मंजूर?" बार्बाडोसचे अध्यक्ष ब्रेथवेट म्हणाले. पिठाची गिरणी सुरू व्हावी तसं सभागृह घुमलं.

"दुरुस्तीला परत?"

ओफेलियाने ओठ मिटले, चेहरा लालबुंद झाला, पण आवाज काही फुटेना. मग माइकवरूनच एक लांबलचक हुंकार आला.

ब्रेथवेट चक्रावले. "वॉशिंग्टन, हा तिचा की तुझा? हुंकार उसना देता येत नाही, ठाऊक आहे ना?"

त्याने तो उसनाच द्यायला सुरुवात केली होती. पण त्या अकरा वेळांवर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

"माझा," तो म्हणाला.

जागेवर येऊन तो धपकन बसला. "गेली निवृत्ती चार महिने पुढे, थेट पुढच्या बैठकीपर्यंत. झालं समाधान?"

ओफेलियाने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. दुरुस्त मसुदा लिहून तयार होता. वर लेखकांची नावं होती: लारान्यागा, बेंतांकुर. वीस वर्षांत ती दोन नावं एका कागदावर कधी आली नव्हती.

वॉशिंग्टनचे डोळे भरून आले. तिला दिसू नये म्हणून तो पडद्यावर वाकला.

"दुसरी ओळ साफ चुकलीय," तो म्हणाला.