मागच्या अंगणातला तवा

मित्रांनो, मला हात लावण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्या. मी अंड्याचा तवा आहे.

तसा जन्माने मी कशाचाच तवा नव्हतो. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि कामठीच्या बाजारात इतर तव्यांबरोबर गोणपाटावर मांडलं. पोळी, भाकरी, धिरडं, ज्याने जे टाकलं असतं ते मी भाजलं असतं. पुष्पलताबाईंनी मला उचललं, बोटाने वाजवून पाहिलं आणि पिशवीत घातलं. बाई हसऱ्या होत्या. मला वाटलं, नशीब काढलं आपण.

कन्हानला त्यांच्या घराच्या उंबऱ्यावरच माझं नशीब कळलं. त्यांच्या सासूबाई यमुताई दारात बसल्या होत्या. पिशवीत डोकावून म्हणाल्या, "अंड्याचा होय नं हा? मंग मागून ने त्याले. सयपाकघरातून नेऊ नको."

म्हणून मी घराला वळसा घालून मागच्या अंगणात आलो. तिथे एक कोळशाची शेगडी होती आणि भिंतीत एक खिळा. खिळ्यावर मी. माझी घासणी वेगळी, उलथणं वेगळं, तेलाची वाटीसुद्धा वेगळी. घरातला पोळ्यांचा तवा माझ्यासारखाच, त्याच मापाचा, बहुधा त्याच बाजारातला. पण तो आतला आणि मी बाहेरचा.

मला आणलं होतं रोशनीसाठी. ही त्या घरातली लेक. पोलीस भरतीची तयारी करत होती. उजाडताच मैत्रीण काजलबरोबर मैदानावर धावायला जायची आणि परत यायची तेव्हा पायात उभं राहायचं त्राण नसायचं. धावणं शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, रोज अंडी खा. यमुताईंनी बरीच कुरकुर करून परवानगी दिली, पण मागच्या अंगणापुरती.

आता तुम्ही विचाराल, घरात बाकी कोणी अंडी खात नव्हतं का? खात होते की! रोशनीचे वडील बाबनराव आणि भाऊ भूपेश नाक्यावरच्या ठेल्यावर डबल आम्लेट हाणायचे आणि मिश्या पुसत घरी यायचे. यमुताईंना वास येत असणारच. पण त्या म्हणायच्या, "माणसाची जात बाहेर काय खाते, कोण पाह्यते?" बापलेकांचं अंडं बाहेरचं म्हणून चालायचं. रोशनीचं अंडं घरचं, म्हणून त्याला एवढे नियम.

पण नियमांच्या त्या अंगणात पुष्पलताबाईंनी काय काय केलं म्हणून सांगू! रोज तेच आम्लेट पाहून रोशनी नाक मुरडायला लागली, तेव्हा बाई हट्टाला पेटल्या. कांद्याची जाड चकती कापायच्या, मधलं काढून घ्यायच्या, ते कडं माझ्यावर ठेवून त्यात अंडं फोडायच्या. ढोबळ्या मिरचीचं कडं ठेवलं की अंड्याचं फूल व्हायचं. रात्रीच्या उरलेल्या पोळीला मध्ये वाटीने भोक पाडून त्यात अंडं सोडायच्या, वर तिखटमीठ आणि चिरलेला सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर बरं का. कधी मेथी, कधी कालच्या भाताचं धिरडं आणि त्यावर अंडं. रोशनी उकिडवी बसून माझ्यावरूनच उचलून खायची, बोटं भाजून घ्यायची आणि म्हणायची, "आई, उद्या काय बनवशीन वं?"

बाई सांगायच्या नाहीत. नुसत्या हसायच्या. त्या घरात त्यांना असं हसताना मी फक्त अंगणातच पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मला आतल्या तव्याचा मुळीच हेवा वाटत नव्हता. रोजच्या तेलाने माझं अंग काळंभोर आणि गुळगुळीत झालं होतं. काही चिकटायचं म्हणून नाही.

मग भादव्यात महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घराची परीक्षाच. फळीवरचं, माळ्यावरचं, कोनाड्यातलं एकूणएक भांडं बाहेर निघतं आणि घासलं जातं. मलाही पुष्पलताबाईंनी राखेने वरवर घासून अंगणात उन्हाला ठेवलं. तेवढ्यात आभाळ भरून आलं. बायका आत आरास करण्यात गुंतलेल्या. बाबनराव ओट्यावर बसले होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले आणि हाताला येतील ती भांडी उचलून भराभर स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. त्यात मी होतो.

ज्या माणसाने जन्मात कधी पोळी भाजली नाही, त्याला एक तवा दुसऱ्यासारखाच दिसणार. त्यांनी मला खिडकीजवळ आतल्या तव्याच्या खुंटीवर टांगलं; तो बिचारा घासलेल्या भांड्यांच्या ढिगाखाली राहिला. मी पहिल्यांदाच त्या घराचं स्वयंपाकघर पाहत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सोवळ्यात यमुताईंनी मलाच चुलीवर चढवलं. नैवेद्याच्या पुरणपोळ्या माझ्यावर झाल्या. एकही फाटली नाही. एकही चिकटली नाही. यमुताई खूश होऊन सगळ्यांना ऐकवत होत्या, "यंदा तवा कसा मस्त झाला पाय, पोळी आपोआपच सुटून राहिली!" महालक्ष्म्यांनी नैवेद्य घेतला, पंगती उठल्या, कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. आयुष्यात माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं आणि त्यातला एक शब्दही मला गोड लागला नाही.

महालक्ष्म्या बोळवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी धावून आली. पुष्पलताबाईंनी मला अंगणात शोधलं, मग आत खुंटीवर पाहिलं. त्यांनी मला हळूच पदराआड घेतलं. पण दारातच यमुताई.

"पोळ्याचा तवा घेऊन कुठी चालली वं?"

अंगणात शेगडी पेटलेली, शेजारी अंडी ठेवलेली. यमुताईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"देवीले याच्यावरचा नैवेद्य देल्ला? कोणं आणला हा आत?"

बाबनराव समोरच चहा पीत होते. त्यांनी मला पाहिलं, आईला पाहिलं आणि कपात तोंड घातलं. पुष्पलताबाई सगळं समजल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "मीच आणला असंन, आई. गडबडीत ध्यान नाही राह्यलं."

"काहून खोटं बोलतं आई?" रोशनी पुढे आली. "बाबांनी आणला. मी आतून पाह्यलं नं! बाबा, आभाळ आलं त तुम्हीच भांडे उचलून आत नेले, त्यातच हा आला."

"मी?" बाबनराव म्हणाले. "मी कधी भांड्याले हात तरी लावतो का?"

आणि मित्रांनो, ते सगळ्यांना पटलं! कधीच लावत नाहीत, तर त्या दिवशी कसा लावतील? ज्या माणसाने घरात आयुष्यभर काही केलं नाही, त्याला तेच कामी आलं. उलट रोशनीच खोटारडी ठरली. बापावर आळ घेते म्हणून यमुताईंनी तिला नाही नाही ते ऐकवलं आणि त्या दिवसापासून घरातलं अंडं बंद. अंगणातलंसुद्धा.

पुष्पलताबाईंनी नवऱ्याला एकदा विचारलं, "तुमच्यासंगं ठेल्यावर नेत जा नं पोरीले."

"पोरीची जात ठेल्यावर उभी राहीन का वं कुठी?" ते म्हणाले. ते आणि भूपेश मात्र जात राहिले.

रोशनी चण्यांवर धावली, दुधावर धावली, रागावर धावली. पुढे भरतीच्या दिवशी ती थोडक्यात मागे पडली. अंडी मिळाली असती तर ती पुढे गेलीच असती, असं मी म्हणणार नाही. मी तवा आहे, वैद्य नाही. पण बाबनराव जेव्हा म्हणाले, "पोरीच्या अंगात दमच नाही," तेव्हा मला फार संताप आला. जो दम तिच्या ताटातून तुम्ही काढून घेतला, तो आता तिच्या अंगात शोधता?

रोशनीने वाद घातला नाही. काजलला शहराजवळच्या वाडी गावातल्या एका गोडाऊनमध्ये काम लागलं होतं, तिथेच हिनेही धरलं. दोघींनी मिळून खोली घेतली. पुढच्या भरतीची तयारी तिथूनच करणार होती. निघायच्या दिवशी पुष्पलताबाईंनी मला खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि म्हणाल्या, "हा घेऊन जाय. मुरलेला आहे."

रोशनीने माझ्यावरून हात फिरवला. "नको, आई. तिथं आम्हाले सगळ्यासाठी एकच तवा पुरते."

मला वाईट वाटलं, आणि तिचं बरोबरही वाटलं.

ती गेली. पुष्पलताबाई मला हातात धरून अंगणातच उभ्या होत्या. मागून बाबनराव आले. मग हळूच म्हणाले, "तो तवा मीच आणला होता गं आत."

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "मले माईत आहे. हे तिच्यासमोर बोलाचं होतं."

मित्रांनो, लोखंडी तव्याला जपायचं तर तो धुऊन लगेच कोरडा करावा, तेलाचा हात फिरवावा. नाहीच जमलं तर गंज चढतो, पण तो घासून काढता येतो. माझी फार काळजी करू नका. घरात कोणी खरं बोलत असेल आणि ते खरं आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तिथल्या तिथे तोंड उघडा. बाबनराव अधूनमधून रोशनीला फोन लावतात. ती फक्त आईशीच बोलते.