जैनोद्दीननं पारखलेल्या तीन मोटारी

मुरुमच्या शिवप्पा अडत्यांना घरी झोप लागत नसे. कापसाची गादी झाली, घोंगडं झालं, हकिमाचं चाटण झालं. झोप लागायची ती फक्त बैलांच्या धमणीत, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीत. आठवड्यातून एकदा उमरग्याच्या कचेरीत त्यांचं काम निघायचं, नसलं तर ते काढायचे, आणि परतताना उमरग्याचं शेवटचं घर मागं पडलं की घोरायला लागायचे ते मुरुमची वेस येईस्तोवर. चार तास. या चार तासांवर ते पुढचा आठवडा काढायचे. एकदा तापात तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा त्यांच्या बायकोनं, जगदेवीनं, चौघांकरवी त्यांना उचलून धमणीत घातलं आणि गावाला तेरा फेऱ्या मारायला लावल्या. ताप सातव्या फेरीला उतरला. उरलेल्या सहा फेऱ्या जैनोद्दीननं जगदेवीच्या समाधानासाठी मारल्या.

जैनोद्दीन हा त्या धमणीचा गाडीवान. वय पंचावन्नच्या पुढं, डोळा मात्र असा की चालता बैल लांबून पाहिला तर त्याच्या आईला कोणता कडबा आवडत होता ते सांगायचा. धमणीला जोडी होती तिची नावं दोघांनी ठेवलेली. डावीकडचा बसवंत, हे शिवप्पांनी ठेवलेलं. उजवीकडचा नवाब, हे जैनोद्दीननं. राज्य निजामाचं असल्यामुळं पोलिसांचे अमीनसाहेब समोर असले की नवाबाला तेवढ्यापुरतं नब्बू म्हणायचे, आणि तोही तेवढ्यापुरता ओ द्यायचा.

जैनोद्दीनच्या आयुष्यात लपवण्यासारखी गोष्ट एकच होती. परतीच्या वाटेवर मालकांपाठोपाठ तोही झोपायचा. अकरा वर्षं झाली, उमरगा ते मुरुम रस्ता त्यानं जागेपणी पाहिला नव्हता. बैलच घरी आणायचे. वेशीत आलं की नवाब शेपटीनं त्याच्या गुडघ्यावर एक फटका मारायचा, जैनोद्दीन कासरा सावरून बसायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "मालक, आलं बगा गाव!"

फसली तेराशे पन्नासात, म्हणजे इंग्रजी चाळीस साली, दिवाळी होऊन गेल्यावर, मुरुमच्या बैलबाजारात हैदराबादेहून तीन मोटारी आल्या. सोबत तीन वर्दीवाले डायवर आणि मुनवर नावाचा एक विक्रेता. ज्याला घ्यायची त्यानं बसून बघा, चालवून बघा, फुकट. दवंडी पिटली गेली आणि आसपासची निम्मी पागोटी मुरुमात गोळा झाली.

शिवप्पांनी आदल्या दिवशीच जैनोद्दीनला सांगितलं, "मामू, मोटार घ्यायची म्हणतोय. पारख तुमीच करायची. दुसऱ्याच्या डोळ्यावर माजा इस्वास न्हाय."

"आन् जोडी, मालक?"

"परंड्याच्या पावण्याकडं धाडू. लई दिस झालं मागाय लागलेत."

"आन् म्या?"

शिवप्पांनी घसा खाकरला. "मोटारीसंगं कंपनीचा डायवर येतोय. तुमी माळावरचं खळं राखा. सावलीचं काम हाय."

जैनोद्दीनच्या घरी त्याच्या बायकोनं, कुलसुमबीनं, हे ऐकलं आणि भाकरी थापता थापताच निकाल दिला. "बोल देव, तीनोबी खराब हैं. कौन पूछताय?"

पण तेच जैनोद्दीनला जमत नव्हतं. त्याच्या उस्तादानं बैलाची पारख शिकवताना त्याचा हात नवाबाच्या खापरपणज्याच्या वशिंडावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती : घेणाऱ्यानं विचारलं तर खोड झाकायची नाही, गुणही झाकायचा नाही. उस्तादाच्या दुसऱ्या एका चेल्यानं ही शपथ मोडली, तर त्याचा हात कोणतंही जनावर हुंगेना. शेवटी त्यानं कोंबड्या पाळल्या, त्याही त्याला पाठ करून दाणे टिपायच्या. मोटार जनावर नाही, असं जैनोद्दीननं स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं. पटलं नाही. मालकानं पारख मागितली म्हणजे पारखच.

सकाळी बाजारात चिंचेखाली तिन्ही मोटारी ओळीनं उभ्या होत्या. पहिली थोरली, जहागीरदारी वाणाची. काळीभोर आणि इतकी लांब की पुढचा दिवा बैलबाजारात आणि मागचा मिरचीबाजारात. दुसरी मधली, वकील-डाक्टरांच्या कामाची, कडबी रंगाची. तिसरी धाकटी. ती इतकी बुटकी होती की मंडळी आधी तिच्यावर टेकूनच बाकीच्या दोन बघत होती.

मुनवर पुढं झाला. "आइये सेठ. ये बडी वाली देखो. नवाबोंकी सवारी है."

"आमचा नवाब बी आलाय," शिवप्पा म्हणाले आणि बैलाकडं बोट दाखवलं. मुनवर हसला नाही. त्यानं आधी आजूबाजूला अमीन आहे का ते पाहिलं.

जैनोद्दीननं धोतराचा काचा मारला आणि कामाला लागला. थोरलीच्या पुढच्या जाळीत बोटं घालून दात तपासले. पाठीवर थाप मारली. मागं जाऊन धुराची नळी हातात धरून पिरगाळून पाहिली. मग अंगावर कुठं वाईट भोवरा आहे का, ते बघायला तळहात फिरवत पूर्ण फेरी मारली. त्या फेरीला वेळ लागला. मध्ये एकदा त्यानं पाणी पिऊन घेतलं.

"खाती काय?" त्यानं विचारलं.

"पेट्रोल. एक गॅलन में बारा मील."

"बारा मैलाला एक डबा? म्हंजे उमरग्याला जायाला एक, यायला एक. बसवंत पेंडीभर कडब्यावर परंड्यापतुर जातोय, आन् वर शेण देतोय. ही काय देती?"

"धुआं देती ना!" गर्दीतून कोणी तरी म्हणालं, आणि बाजार हसला.

मग जैनोद्दीननं खरी परीक्षा सांगितली. मुरुमच्या बाजारात गाडीचा बैल कधी नुसता बघून घेत नसत. ज्वारीच्या पोत्यांनी भरलेली गाडी घ्यायची, तिची दोन्ही चाकं साखळीनं बांधून टाकायची, म्हणजे ती फिरत नाहीत, नुसती घसरतात, आणि बैलाला ओढायला लावायचं. जो वीस पावलं ओढील तो बैल. बाकीची वासरं.

"जनाब, ये मोटर है, बैल नई," मुनवर म्हणाला.

"मंग वडायला सोप्पं जाईल."

शेजारच्या ओल्या रानात बारा पोत्यांची गाडी उभी केली. थोरली मोटार जुंपली. तिनं एक हिसका असा दिला की गाडीची दांडी, जू आणि पुढची दोन पोती घेऊन ती थेट रानाच्या पलीकडं गेली. चाकं आणि दहा पोती जागच्या जागी. नंतर ती स्वतः काळ्या मातीत अशी रुतली की काढायला सात जोड्या लागल्या. सातवी जोडी बसवंत-नवाबाची होती, आणि खरं म्हणजे पहिल्या सहा नुसत्या शोभेला होत्या.

"अंगात माज हाय, अक्कल न्हाय," जैनोद्दीननं सांगितलं. "मालक, ही नगं."

नवी दांडी घालून मधलीला जुंपलं. तिनं पंधरा पावलं नेटानं ओढली, आणि सोळाव्याला तिच्या नाकातून वाफ निघाली. पाण्याच्या टाकीचं झाकण उडालं ते चिंचेत अडकलं. शेजारच्या हॉटेलवाल्यानं त्या उकळीत लगोलग चहाची पत्ती टाकून बघितली म्हणतात. रंग बरा आला, चवीला लोखंड.

"मन चांगलं हाय हिचं," जैनोद्दीन म्हणाला, "पर दम न्हाय. उनाळ्यात घरी बसंल."

राहिली धाकटी. तिला पुढं आणली तेव्हा जैनोद्दीनच्या मनात आलं, हिला नापास व्हायला फार वेळ लागणार नाही. संध्याकाळी आपण आणि आपले बैल घरी.

धाकटी दोनदा खोकली, खाली बसल्यासारखी झाली, आणि चालू लागली. वीस पावलं झाली, चाळीस झाली. बांधलेल्या चाकांनी मातीत नांगरासारखी दोन तासं काढली आणि ती अशी सरळ पडली की रानवाल्यानं दुसऱ्या दिवशी त्यांत करडई पेरून घेतली. बांधापाशी डायवरनं थांबवली म्हणून थांबली. श्वास लागलेला नाही, अंगाला घाम नाही. खाणं विचारलं तर थोरलीच्या तिसरा हिस्सा.

शिवप्पा जैनोद्दीनकडं बघत होते. नवाबही बघत होता, आणि ते जास्त अवघड होतं.

"मामू?"

जैनोद्दीननं आपला शपथेचा उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "चांगली हाय, मालक," तो म्हणाला. "बुटकी हाय, पर जातिवंत हाय. तिघीत घ्यायची तर हीच."

एवढं बोलायला त्याला जितका जोर लागला तितका धाकटीला बारा पोत्यांना लागला नव्हता. आणि बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पारख अजून पुरी नाही. धमणीच्या बैलाची शेवटची परीक्षा असते ती घर ओळखण्याची. मालक झोपला, गाडीवान झोपला, तरी जे जनावर दारात आणून उभं करतं तेच धमणीचं. ही परीक्षा सांगितली तर मोटार नापास होईल, याची त्याला खात्री होती. पण सांगायची तर ही परीक्षा आपल्या बैलांनी कधी आणि कशी दिली, तेही सांगावं लागणार. अकरा वर्षांची झोप भर बाजारात उघडी करावी लागणार. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

तेवढ्यात उशीर झाला.

बैलबाजारात सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर पंचा टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. चार लोकांना कळत नाही. शिवप्पांनी सवयीनं पंचा टाकला आणि मुनवरपुढं एक बोट केलं. एक बोट म्हणजे, विचार करून सांगतो. हैदराबादच्या माणसाला वाटलं, सेठ लाजून हात मिळवतायत. त्यानं आख्खा पंजा धरला आणि तीनदा गदागदा हलवला. पंचाखाली आख्खा पंजा धरला म्हणजे सांगितल्या किमतीला सौदा पक्का. मुरुमच्या बाजारात त्यापुढं कोणी मागं फिरलं नव्हतं.

"झाला! झाला!" बाजार ओरडला आणि कोणी तरी मोटारीच्या टपावर भंडारा उधळला.

शिवप्पांनी हात सोडवून घेतला आणि पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "चला तर. उमरग्याला जाऊन येऊ. माजी झोपंची येळ झालीच हाय."

डायवर चाकाशी, शेजारी जैनोद्दीन, मागं शिवप्पा. उमरग्याहून परत निघाल्यावर त्यांनी पागोटं काढून उशाला घेतलं. पहिली जांभई ओढ्यावर आली, दुसरी बाभळीच्या बनात. तिसरी देण्यासाठी तोंड उघडलं आणि ते मिटायच्या आत मोटार मुरुमच्या वेशीत उभी.

"परत फिरव," शिवप्पा म्हणाले.

त्या दिवशी चारदा उमरगा झालं. चारी वेळा जांभई अर्धी आणि गाव आलेलं. पाचव्यांदा मोटार बैलाच्या चालीनं चालवायला सांगितली, तर ती सारखी गुरगुरायला लागली आणि डायवर दर बाभळीला भोंगा वाजवायला लागला. शिवप्पांचे डोळे लाल झाले.

"भोंगा कशापायी वाजवतूस?"

"मेरेकू नींद आरी ना, सेठ."

"मंग झोप की."

"मैं सोया तो मोटर नाले में जाती!"

शिवप्पांनी मोटार थांबवायला लावली. "म्हंजे रस्ता हिला ठावं न्हाय?"

आता जैनोद्दीनला राहवेना. तो खाली उतरला, रस्त्यातच हात जोडून उभा राहिला. "मालक, माज्याकडनं एक परीक्षा राह्यली. घर वळखायची. सांगणार हुतो, पर तोंड उचललं न्हाय. म्या अकरा वर्सं ह्या वाटंवर झोपतोय. तुमी घोरायला लागला की म्या बी. नवाब-बसवंतच आणत्यात आपल्याला. खोड माजी हाय, बैलांची न्हाय."

शिवप्पांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "मला ठावं हाय."

"व्हय?"

"मामू, तुमी माज्यापेक्षा मोठ्यानं घोरता. पयल्या वर्सी भ्यालो. मंग इचार केला, बैल आणत्यात तर कशाला उठवायचं?" ते मोटारीकडं बघून म्हणाले, "पर आता पंजा दिलाय. परत द्यायची म्हणलं तर बाजार तोंडात शेण घालंल. ठेवायची म्हणलं तर म्या झोपंवाचून मरतो."

घरी पोचले तेव्हा दारात जगदेवी उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मोटारीच्या मागच्या गादीवर बसून दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाली, "गादी तर धमणीपरास मऊ हाय. बैल बी दावणीला हायती. मंग जुंपा की. येवढा इचार कशाचा?"

मुनवर दुसऱ्या दिवशी उरलेल्या दोन मोटारी आणि तिन्ही डायवर घेऊन गेला. धाकटीच्या पुढच्या लोखंडाला दांडी बसवली, दांडीला जू, जुवाला बसवंत आणि नवाब. पुढची काच खाली पाडली आणि तीतून कासरा आत घेतला. परंड्याच्या पाहुण्यांना निरोप गेला की जोडी मोटारीला लागलेली आहे, सबब देता येत नाही.

पुढच्या साली लढाईमुळं पेट्रोल कुपनावर गेलं. ज्यांनी ज्यांनी मोटारी घेतल्या होत्या त्यांच्या दारात त्या मोटारींवर कोंबड्या बसू लागल्या. मग एकेक जण जैनोद्दीनकडं यायला लागला, मोटार कशी जुंपायची ते विचारायला. तो सगळ्यांना खरं सांगायचा : चाक कसंबी धरा, बैल चांगला बगा.

आणि त्याच हिवाळ्यात मुनवर कसल्याशा कामानं टांग्यातून उमरग्याकडं चालला होता. समोरून धाकटी मोटार येताना दिसली. मागच्या गादीवर शिवप्पा आडवे, तोंड उघडं. पुढं चाकावर मान टाकून जैनोद्दीन, कासरा मांडीवर सैल. दोघांच्या घोरण्यानं काच थरथरत होती.

मुनवरनं टांगा थांबवला आणि ओरडला, "अरे, गाडी कौन चलाराय?"

नवाबानं त्याच्याकडं पाहिलं, बसवंताला खांद्यानं जरा रेटलं, मोटार रस्त्याच्या कडेला घेतली आणि टांग्याला वाट दिली.