सावळबेटाची बोहनी

मी सावळबेटाच्या बंद शाळेतला टेबल आहे, आणि मी जुना झालो आहे हे मला कोणी सांगायची गरज नाही. माझा मागचा डावा पाय आखूड आहे. त्याखाली कोणीतरी फरशीचा तुकडा सरकवून दिला आहे, तोही तिरपा. मित्रांनो, गोडगोड ऐकायचं असेल तर दुसरा टेबल शोधा. मी माणसांवर चिडलेला आहे. का चिडलो, तेच सांगणार आहे.

मला बडनेऱ्याच्या एका सुतारानं घडवलं. सागवान अस्सल होतं, पण सुतार घाईचा. शेवटचा पाय कापताना त्याचं लक्ष गप्पांत होतं, त्याची शिक्षा मी जन्मभर भोगतो आहे. तिथून मला इथे आणलं. पूर्णा नदी दोन धारांनी फुटते आणि कोसभर पुढे पुन्हा एक होते. मधल्या जमिनीवर पन्नासेक घरं आहेत, त्याला सावळबेट म्हणतात. पूल नाही. मला नावेत उलटा टाकून आणलं, पाय आभाळाकडे.

पुढची तीस वर्षं मी राबलो. गुरुजींच्या छड्या माझ्यावर आपटल्या. पोरांनी कर्कटकानं माझ्या पाठीवर आपापली नावं कोरली. एकदा वरून तपासणीला साहेब आले, माझ्यावर जेवले आणि म्हणाले, "टेबल साजरा आहे हो!" एवढंच काय ते माझ्या वाट्याचं कौतुक. मग पोरं कमी झाली. सहाच उरली, तेव्हा शाळा बंद करून त्यांना नदीपलीकडे पाठवलं. शाळेत कापूस भरला. माझ्यावर बकऱ्या चढल्या. कोणाला लाज वाटली नाही.

एक माणूस मात्र यायचा. डोमाजीबाबा. वय ब्याऐंशी, पाठ ताठ, अक्षर मोत्यासारखं. बाबा माझ्यावरची धूळ स्वतःच्या दुपट्ट्यानं पुसायचा आणि अर्ज लिहायला बसायचा. अर्ज एकच, दरवर्षी नवा: 'सावळबेटावर स्वतंत्र मतदान केंद्र द्यावे.' कारण बेटावरच्या लोकांना मत द्यायला पलीकडच्या गावात जावं लागायचं. नाव एक आणि माणसं दोनशे. पलीकडचे लोक बेटवाल्यांना रांगेत मागे सारायचे. मागच्या एका विधानसभेला नाव तिसऱ्या फेरीला पोचली तोवर दार बंद झालं होतं. डोमाजीबाबा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडला होता, पण कोणी दार उघडलं नाही. त्या सालापासून त्यानं नऊ वर्षं अर्ज केले. नऊ वर्षं! मी लाकूड असून थकलो, तो थकला नाही.

आणि या विधानसभेला केंद्र मिळालं. कापूस बाहेर गेला, बकऱ्या बाहेर गेल्या, मला चक्क साबणानं धुतलं. मतदानाच्या दिवशी पहाटे माझ्यावर मतदान यंत्राचा तो भाग ठेवला, ज्यात मतांचा आकडा साठतो. समोर केंद्राध्यक्ष म्हणून अकोल्याचे देवमन सर बसले. माणूस सज्जन, पण घाबरट. बाजूला दोन उमेदवारांचे पोलिंग एजंट. कढई निशाणीचा गजेंद्र, ज्याचं बेटावर बारा एकर वावर आहे. आणि शिडी निशाणीचा नागसेन, डोमाजीबाबाचा सख्खा नातू. बाहेर सूर्य उगवायच्या आत रांग लागली होती. रांगेत पहिला कोण होता ते मी सांगायला नको.

आता एक गोष्ट नीट ऐका. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी खोटं मतदान करतात. यंत्र बरोबर चालतं का ते बघायला. एजंटांनी पन्नास मतं दाबायची, निकाल बघायचा, मग 'क्लिअर'चं बटण दाबून सगळं कोरं करायचं आणि यंत्र सीलबंद करायचं. एवढं सोपं काम. शाळेतलं सगळ्यात ढ पोरगंही ते करू शकलं असतं.

पन्नास मतं दाबली. निकाल आला. कढईला एकोणीस, शिडीला अकरा, बाकीची इतरांना.

नागसेनचा चेहरा उतरला. "अकरा? कावून अकरा?"

"तूच दाबले ना बे," गजेंद्र हसला.

"तू एकटा कढईच दाबून राहिला होता! बोहनीच खराब केली तुनं. सर, परत घ्या."

"परत कायले? बेटाची पयली बोहनी कढईची झाली. मानून घे आता."

देवमन सर म्हणाले, "अहो, हे खोटं मतदान आहे. याला काही अर्थ नाही."

"अर्थ कसा नाई? बोहनी मंजे बोहनी!" नागसेन उठला आणि त्यानं गजेंद्रची गचांडी धरली. गजेंद्रनं त्याला ढकललं. दोघे माझ्यावर आदळले, फरशीचा तुकडा निसटला, मी कलंडलो, चहाची किटली थेट मतदार यादीवर. सरांनी यंत्र छातीशी धरलं. शिपाई धावला. यादी पुसा, दोघांना दूर करा, मला सरळ करा, हे चाललं तेवढ्यात सात वाजले. बाहेर लोक ओरडायला लागले. सरांनी घाईघाईनं यंत्राला सील लावलं, दोन्ही एजंटांनी फुरंगटून सीलवर सह्या केल्या, आणि 'क्लिअर'चं बटण कोणीच दाबलं नाही.

मी पाहिलं! मी ओरडलो असतो, मित्रांनो, पण लाकडाला तोंड देताना तो घाईचा सुतार कुठे गेला होता कोण जाणे.

डोमाजीबाबा आत आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. त्यानं मत दिलं, यंत्रानं लांब शिटी दिली, आणि बाबा माझ्याजवळ थांबून म्हणाला, "झालं बाप्पा एकदाचं." मग दिवसभर तो ओसरीत बसून एकेकाला हाक मारून बोलवत राहिला.

नऊ वाजता सरांनी आकडा तपासला. वहीत तेवीस लोक, यंत्रात त्र्याहत्तर. त्यांनी दोघांना जवळ बोलावलं.

"आता दाबा ना मंग ते बटन," नागसेन कुजबुजला.

"आता दाबलं तर या तेवीस लोकांची मतं पुसतील. तुमच्या आजोबांचंसुद्धा. मतदान थांबवून वर कळवावं लागेल. नावेनं निरोप पाठवतो. फेरमतदान देतील बहुतेक."

"आन कायच्यानं झालं मून सांगसान?" गजेंद्र म्हणाला. "आमी दोघं पोलिसात जाऊ, तुमी घरी बसान. पन्नासच तं हायेत सर, वजा करून घेतीन. गप राहा."

नागसेननं ओसरीकडे पाहिलं. आजोबा कोणाला तरी हसून वाट दाखवत होता. नागसेन गप बसला. सरही गप बसले. सकाळी एकमेकांचा गळा धरणारे दोघे गप बसायला मात्र लगेच एक झाले. थू!

संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा मतदारांपैकी दोनशे नऊ जणांनी मत दिलं. एक बाळंतीण खाटेवरून आली. असं मतदान पलीकडच्या गावात कधी झालं नव्हतं.

मोजणीच्या दिवशी नागसेन तालुक्याला गेला. डोमाजीबाबा दुपारपासून शाळेत येऊन बसला. कोण जिंकलं याची त्याला फिकीर नव्हती. ऊन कलल्यावर नागसेन आला आणि दारातच उभा राहिला.

"बेटावर कोनाले किती पडले?" बाबानं विचारलं.

"बाबा... आपली मशीन मोजलीच नाई."

"कावून?"

नागसेननं सगळं सांगितलं. यंत्रात आणि वहीत पन्नासाचा फरक निघाला. यंत्र बाजूला ठेवलं. जिंकणारा नऊ हजारांनी पुढे होता, बेटाच्या मतांनी निकाल बदलत नव्हता, म्हणून ते शेवटपर्यंत उघडलं नाही. आणि वर साहेब म्हणाले, असं होत असेल तर पुढच्या वेळी हे केंद्र ठेवायचं का याचा विचार करावा लागेल.

बाबानं बोटावरच्या शाईकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंजे मी मत देल्लं का नाई देल्लं?"

"देल्लं बाबा. फकत मोजलं नाई."

"मंग कायचं देल्लं? नऊ सालं मी अर्ज केले ते बोटाले शाई लावाले नाई केले. मोजाले केले." बाबाचा आवाज चढला. "आन भांडले कायच्यासाठी तुमी? खऱ्या मतासाठी?"

"नाई बाबा. खोट्या."

बाबा हात उगारेल असं मला वाटलं. उगारायला हवा होता. पण त्यानं दुपट्टा काढून मला पुसलं, कागद मांडला आणि पेन नातवाच्या हातात दिला.

"लेय. आमच्या भांडनानं दोनशे नऊ लोकाईचं मत गेलं, लोकाईचा कसूर नाई, केंद्र इथंच ठेवा. खाली तुयं नाव. त्या गजेंद्रालेबी बोलाव सहीले. मी काई पाच साल थांबत नाई आता."

नागसेन लिहायला लागला. त्याचं अक्षर घाण आहे, आणि त्या दिवशी तर ओळी धड सरळही नव्हत्या. गजेंद्र आला, सही करून न बोलता निघून गेला. अर्ज गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. माझ्यावर पुन्हा कापूस आहे.

मित्रांनो, मला पॉलिश नको, कौतुक तर नकोच. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी सर व्हाल, कोणी एजंट. तुमच्यापुढे लोकांचं काही ठेवलेलं असेल, तर आधी ते नीट सांभाळा, काम पुरं करा, आणि चुकलंच तर त्याच घटकेला तोंड उघडा. मग अंगणात जाऊन खुशाल एकमेकांची गचांडी धरा. भांडायला तुमच्याकडे पाच पाच वर्षं पडली आहेत. डोमाजीबाबाकडे नाहीत.