गुरुवारी आम्ही लिहितो

"फोन पातेल्यात," एर्सिलिया म्हणाली. "तुझापण, रोझाल्बा. तोंड वाकडं करू नकोस."

पास्ता उकडायच्या मोठ्या पातेल्यात तिघींचे फोन पडले. वर झाकण बसले. इटलीत, नापोलीतल्या एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात दर गुरुवारी सकाळी हेच व्हायचे. तिघीही विद्यापीठाच्या इतिहास विभागात कंत्राटावर. दुसऱ्यांचे तास घ्यायचे, दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या तळटीपा तपासायच्या. स्वतःचे लिहायला गुरुवार तेवढा उरायचा. नियम साधा होता. कॉफी वर येईपर्यंत बोलायचे, मग घड्याळ वाजेपर्यंत अवाक्षर नाही. शेवटी आपले लिखाण मोठ्याने वाचायचे आणि जिथे वाक्य अडले असेल तिथे बाकीच्या दोघींनी हात द्यायचा.

अर्धे पान होते न होते तोच पातेले खडखडले.

"कार्बोने असतील. तुझ्यासाठी," तिसरी, लोरेडाना, मान वर न करता म्हणाली.

रोझाल्बाला तेव्हा त्यात काही खटकले नाही. विभागप्रमुखांचा फोन टाळण्याची सोय नव्हती. त्यांनी चौकात बोलावले, ती उठून गेली.

असल्या गोष्टी प्रोफेसर कार्बोने आपल्या खोलीत बोलत नसत. चौकातल्या कॉफीच्या दुकानात, काउंटरपाशी उभ्याने बोलत. त्यांनी स्वतः कॉफी पाजली की विभागात समजायचे, कोणाचे तरी काहीतरी गेले.

"पोरी, पुढच्या गुरुवारी कायम जागेसाठी तोंडी परीक्षा आहे," ते साखर ढवळत म्हणाले. "तू येऊ नकोस."

"का?"

"यंदा लोरेडानाची पाळी. ताप आला म्हणून कळव, झालं. तू समोर असलीस की समितीला उगाच अवघड जातं."

"मागच्या वेळीपण मला तापच आला होता, प्रोफेसर. तुमच्या भाच्यासाठी."

"आणि किती समजूतदारपणे घेतलंस तू! पुढची जागा तुझी. माझा शब्द."

पुढची जागा नव्हतीच. कायद्याने ठरवलेली कंत्राटाची वर्षे रोझाल्बाची या उन्हाळ्यात संपत होती. त्यानंतर तिला कायम करा, नाहीतर सोडा. हे दोघांनाही माहीत होते. कार्बोनेंनी कप खाली ठेवला, तिच्या दंडावर थोपटले आणि ते गेले.

ती परत आली तेव्हा दोघी तिची वाट बघत होत्या.

"काय म्हणाला म्हातारा?" एर्सिलियाने विचारले.

"पुढच्या गुरुवारी मी आजारी आहे."

"अरे वा! काय होणार आहे? गोवर की कांजिण्या?" एर्सिलिया हसली. लोरेडाना हसली नाही.

रोझाल्बाने तिच्याकडे पाहिले. "तुला माहीत होतं."

"मंगळवारी कळलं."

"आणि काल परीक्षेचं व्याख्यान माझ्याकडून नीट करून घेतलंस. वाक्य न् वाक्य."

"मग काय करायचं होतं मी? नको म्हणायचं? घरी लहान पोर आहे माझं. तू माझ्या जागी असतीस तर?"

"जागा मीही घेतली असती," रोझाल्बा म्हणाली. "पण तुला सांगितलं असतं. मंगळवारीच."

एर्सिलियाने पातेल्याचे झाकण काढले आणि लोरेडानाचा फोन तिच्या हातात दिला. "जा घरी. आज घड्याळ लावत नाही मी."

दार लागल्यावर ती म्हणाली, "परीक्षेला गेलीस तर तो तुला कुठे उभी राहू देणार नाही, बघ."

"आत्ता कुठे बसवलंय गं?"

परीक्षा खुली असते. मागच्या बाकांवर कोणीही बसू शकते, कोणी बसत नाही. त्या गुरुवारी बाके भरली होती. एर्सिलियाने निरोप धाडले होते. इतर विभागांतल्या, इतर स्वयंपाकघरांत जमून लिहिणाऱ्या कंत्राटी बायका आल्या होत्या. प्रत्येकीसमोर कागद, हातात पेन.

"बरी आहेस ना?" कार्बोनेंनी रोझाल्बाला विचारले.

"ठणठणीत."

त्यांची नजर मागे गेली. "आणि तुमचं इथे काय चाललंय? काय लिहिताय?"

"आज गुरुवार, प्रोफेसर," एर्सिलिया म्हणाली. तिचेही कंत्राट त्यांच्याच सहीने चालू होते. "गुरुवारी आम्ही लिहितो."

आधी लोरेडाना बोलली. विषय बंदरातले हमाल. बोलता बोलता ती एका वाक्याशी आली : 'ज्यांनी माल मोजला त्यांची नावे उरली, ज्यांनी वाहिला त्यांची नाही.' ते वाक्य रोझाल्बाने दिले होते. लोरेडाना तिथे अडखळली, पाणी प्यायली आणि पुढे गेली. रोझाल्बा मांडीवर हात ठेवून ऐकत राहिली. दिलेले वाक्य परत मागता येत नाही.

मग रोझाल्बा उभी राहिली. घरात बसून हातमोजे शिवणाऱ्या बायकांवर बोलली. समितीतले एक गृहस्थ फोन चाळू लागले. मागे एकदम सगळी पेने चालू लागली, तसा त्यांनी फोन खिशात टाकला आणि एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिले. दुसरा प्रश्न विचारायला कोणी तयार नव्हते.

जागा लोरेडानालाच मिळाली. मात्र या वेळी रोझाल्बाच्या नावापुढे 'अनुपस्थित' लिहून मोकळे होता आले नाही. समितीला तिला पाडावे लागले, गुण देऊन, खाली सह्या करून, एवढ्या बायकांच्या देखत.

पुढच्या गुरुवारी एर्सिलियाच्या दाराशी मिठाईचा खोका होता, रिबीन बांधलेला. जिंकणाऱ्याने तोंड गोड करायचे असते. लोरेडाना खोका ठेवून घंटी न वाजवता गेली होती.

"फेकू?" एर्सिलियाने विचारले.

"नको. दुकान चांगलं आहे. लिहून झालं की बघू."

दोन फोन पातेल्यात पडले. झाकण बसले. कॉफी वर आली, घड्याळ लागले. कार्बोनेंच्या तळटीपा आता दुसरे कोणीतरी तपासत होते. रोझाल्बा लिहीत होती. मधेच तिचा हात थांबायचा, नजर पातेल्याकडे जायची.

घड्याळ वाजेपर्यंत पातेले एकदाही खडखडले नाही.